कानस कुणाच्या हाती?

गेल्या महिन्यात बडोद्यात दांडिया बाजाराजवळ आमच्या एका मंडळाचा दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव समारंभ होता. पाहुणे भाषणात म्हणाले, "सगळ्यांनी इंजिनिअर होऊन करायचं काय? अमेरिकेत बघा, प्लंबर डॉक्टरच्या बरोबरीनं कमावतो. मुलांनो, आयटीआयला जा, हाताला काम शिकवा." जोरात टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजोबा उठले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या नातवाला कुठं घातलंय ते आधी सांगा." त्यालाही तितक्याच टाळ्या पडल्या. पाहुणे अवघडले, आभार घाईघाईत उरकले गेले, मुलं ढाली घेऊन घरी गेली. तेव्हापासून आमच्या ओळखीपाळखीत हाच वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजू त्या दिवशीच्या टाळ्यांपाशीच थांबल्या आहेत. एक बाजू म्हणते, डिग्रीचे दिवस संपले. दुसरी म्हणते, गरिबाच्या पोरानं मजूरच राहावं म्हणून श्रीमंतांनी काढलेली ही युक्ती आहे. मला दोन्ही पटत नाहीत.

मी तीस वर्षं बडोद्यातल्या शाळेत गणित शिकवलं. माझे बाबा गोरव्यातल्या एका कारखान्यात टर्नर होते, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातणारे. त्यामुळे या वादात मला दोन्हीकडून बोलणं भाग आहे. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, वायरमन व्हायला आज मुलं आणि मुलीही आपणहून पुढे येत असतील, तर ती आनंदाची गोष्ट आहे. पण त्या आनंदाचं कारण डिग्री निरुपयोगी झाली हे नाही. कसब हे ज्ञान आहे, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याला ज्ञान म्हणायचं नाकारलं, म्हणून मला आनंद आहे. ज्ञान म्हणून शिकवायचं तर त्याच्यापुढे वाट असली पाहिजे, त्याची किंमत मिळाली पाहिजे, आणि ते सगळ्यांच्या मुलांना मिळालं पाहिजे. एवढ्या अटी पाळायच्या नसतील तर पाहुण्यांचा सल्ला मुलांनी मुळीच ऐकू नये, असंही मी म्हणेन.

आधी अमेरिकेचं बघू, कारण हल्ली हा वाद तिथूनच सुरू होतो. तिथं व्यवसाय शिकवणाऱ्या दोन वर्षांच्या कॉलेजांमधली नोंदणी २०२३ मध्ये सोळा टक्क्यांनी वाढली, हे खरं आहे. पण का वाढली? तिथल्या पदवीचा खर्च आणि त्यासाठी काढलेलं कर्ज माणसाच्या मानेवर वर्षानुवर्षं बसतं. उलट इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर व्हायचं तर चार-पाच वर्षांची पगारी उमेदवारी असते, नंतर परवाना मिळतो, आणि परवाना नसलेल्याला ते काम सहसा करता येत नाही. म्हणजे कसबाभोवती कायद्याचं कुंपण आहे, संघटना आहेत, ठरलेले दर आहेत. आपल्याकडे नळ दुरुस्त करणारा माणूस सकाळी नाक्यावर उभा राहतो आणि भाव करतो. तिथल्या प्लंबरची कमाई सांगून इथल्या मुलाला आयटीआयला पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापानं आपला सदरा बेतणं झालं.

"पदवीधर सगळ्यात जास्त बेकार आहेत" हे दुसरं आवडतं वाक्य. आकड्यांत ते चूक नाही. सरकारच्या श्रमबल पाहणीत पदवीधरांमधली बेकारी न शिकलेल्यांपेक्षा जास्तच दिसते. पण ज्याच्या घरी संध्याकाळची चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याला बेकार राहणं परवडतच नाही, तो मिळेल ते काम धरतो. थांबून चांगल्या नोकरीची वाट बघायची ऐपत ज्याच्या घरी आहे तोच पाहणीत बेकार म्हणून नोंदला जातो. शिक्षणानं माणूस बेकार होतो असा अर्थ त्यातून कसा काढता येईल? पदवीचा उपयोग आजही आहे, आणि जो बाप पोट मारून मुलाला कॉलेजात घालतो तो मूर्ख नाही. माझे बाबा त्यांतलेच होते.

मग मी आयटीआयच्या बाजूनं का बोलते? त्यासाठी कानशीबद्दल, म्हणजे लोखंड घासायच्या त्या खरखरीत पट्टीबद्दल, थोडं सांगायला हवं. फिटरच्या वर्गात पहिले कित्येक आठवडे मुलगा लोखंडाचा एक तुकडा व्हाइसच्या पकडीत धरून कानस मारत उभा असतो. बघणाऱ्याला वाटतं, यात शिकायचं काय? कानस पुढे जाते तेव्हा सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त लागतो, मधोमध दोन्ही हातांचा सारखा, आणि शेवटी मुठीकडच्या हाताचा जास्त. हा फरक हाताला कळला नाही तर कानस झोके खाते, कडा खाल्ल्या जातात आणि तुकडा मधोमध फुगीर राहतो. मुलगा काटकोन तपासायचा गुण्या लावतो, तुकडा उजेडाकडे धरतो, फटीतून उजेडाची रेघ दिसते, की पुन्हा कानस. मी आठवीच्या वर्गाला फळ्यावर तरफ शिकवायचे, टेकू आणि बल काढून दाखवायचे, तो नियम या मुलाच्या मनगटात उतरलेला असतो. माझ्या वर्गातल्या पहिल्या आलेल्या मुलालाही तो तसा उतरला होता असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

लेथवर टेपर, म्हणजे निमुळता भाग, काढायचा असतो. मोठा व्यास ४० मिलिमीटर, लहान ३०, लांबी ५०. हत्यार धरणारी सरकती बैठक, म्हणजे कंपाउंड स्लाइड, किती अंशांत फिरवायची? व्यासांतला फरक १०, लांबीची दुप्पट १००, म्हणजे टॅन ०.१, म्हणजे ५ अंश ४३ मिनिटांच्या आसपास. दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती शिकवताना मनोऱ्याच्या सावलीऐवजी मी हे उदाहरण द्यायला लागले, तेव्हा वर्गातली नेहमी मागे बसणारी दोन मुलं पहिल्यांदा फळ्याजवळ आली. एकाचे काका मकरपुऱ्यात लेथ चालवत होते. बाबा स्वतः जुन्या वळणाचे, मिलिमीटरइतकंच सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागातही बोलायचे, "दीड सूत उतरव" म्हणायचे. त्यांना टॅन हा शब्द ठाऊक नव्हता, कोष्टक पाठ होतं. ते कोष्टक कुठून येतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि मला ते कशासाठी आहे हे कुणी सांगितलं नाही. माझ्या मते आपल्या शिक्षणाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, आणि ते दोन्ही बाजूंचं झालं आहे.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, कारण त्यातलं बरंच माझ्या घरातच घडलं. साठी ओलांडली तेव्हा बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. शेजारच्या, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा तो आवाज वर्षानुवर्षं कानात होता आणि कानात घालायला कापसाच्या बोळ्याखेरीज काही मिळालं नाही. वेल्डरचे डोळे, रंगकाम करणाऱ्याची छाती, सुताराचे गुडघे, या गोष्टी कामाचा महिमा सांगणाऱ्या भाषणांत येत नाहीत. पैशाचंही तसंच. शिकाऊ उमेदवारांच्या किमान विद्यावेतनाचे २०१९ मध्ये ठरलेले दर बघा. पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावीला ६,०००, बारावीला ७,०००, आयटीआयचं प्रमाणपत्र असलेल्यालाही ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,०००. दोन वर्षं कानस आणि लेथ शिकून आलेल्या मुलाचा दर नुसत्या बारावी झालेल्याइतकाच. कायद्याचं कोष्टकच हाताला काय येतं हे न विचारता किती इयत्ता झाल्या हे विचारत असेल, तर आईबापांना दोष देण्यात काय अर्थ आहे? लग्नाच्या बाजारातला भाव तर वेगळा सांगायला नको. "मुलगा आयटीआय आहे" म्हटल्यावर पत्रिका परत येते, मग त्याचं स्वतःचं वर्कशॉप का असेना.

पण या तक्रारी कामाच्या नाहीत, कामाला दिलेल्या वागणुकीच्या आहेत. बाबांच्या कानाचं उत्तर कानाला बसणारं संरक्षण होतं, लेथ सोडून कारकुनी करणं हे नव्हतं. विद्यावेतनाचं कोष्टक माणसांनी केलं आहे, ते माणसांना बदलता येतं. आयटीआयची मुलं वाढत असताना ते बदला म्हणून जोर लावायचा, की मुलांनाच तिथून काढून न्यायचं? डॉक्टरांनी परिचारिकांना कमी लेखलं म्हणून आपण परिचारिका नकोत असं म्हणत नाही.

खरा आक्षेप जातीचा आहे, आणि त्यापुढे घाईत उत्तर देणारा माणूस मला प्रामाणिक वाटत नाही. या देशात कसब शिकवलं गेलं ते जन्मानं. चांभाराच्या पोरानं कातडं, लोहाराच्या पोरानं भाता. "आपापलं काम सन्मानाचं" हे गोड वाक्य शतकानुशतकं लोकांना जागच्या जागी बसवायला वापरलं गेलं. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेतल्या मुलांनी अर्धा दिवस वर्गात आणि अर्धा दिवस आईबापांच्या धंद्यात शिकावं अशी योजना आणली. लोकांनी तिला कुळाच्या धंद्याचं शिक्षण म्हणून ओळखलं, प्रचंड विरोध झाला, आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. बरं झालं. त्याआधी १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींचा हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, त्यामागचा हेतू कितीतरी उदात्त होता. पण त्याची वाखाणणी करणाऱ्या पुष्कळांनी आपली मुलं इंग्रजी शाळेतच ठेवली आणि तो विचार खेड्यातल्या गरिबाच्या शाळेपुरता उरला. मागच्या रांगेतल्या आजोबांचा प्रश्न या इतिहासातून आलेला आहे, म्हणून तो टोमणा समजून सोडून देता येत नाही.

मात्र या इतिहासाची दुसरी अर्धी बाजू आपण विसरतो. जातीनं जसं कसब लादलं तसं नाकारलंही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार इतर खात्यांपेक्षा चांगला असे, आणि तिथंच अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धागा तुटला की तो तोंडानं ओढून धोट्यात घ्यावा लागे, आणि त्याच्या तोंडाला लागलेला धागा इतरांना चालत नव्हता. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी नेमकी ही गोष्ट पुढे आणली, की विणाई आमच्या माणसांना खुली करा. १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्यावं असं मागितलं. परदेशी पदव्या मिळवलेला, शिका म्हणून समाजाला हलवून जागं करणारा माणूस छापखाना आणि रेल्वे वर्कशॉप का मागतो? कारण जातीच्या हातून सुटलेलं कसब ही मिळकत आहे, हे त्यांना दिसत होतं. जातीनं दिलेला धंदा आणि स्वतः निवडलेला धंदा यांत कैद आणि घर एवढं अंतर आहे, भिंती वाटल्यास सारख्याच असतील.

आणि हे सगळं समजून घ्यायला बडोद्याबाहेर जायची गरज नाही. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर, सुतार समाजातले, रसायनशास्त्राचे विद्वान. पुढे १९०७ मध्ये उभ्या राहिलेल्या अलेंबिक या औषध कंपनीच्या मागेही तेच होते. कलाभवनात रंगाई, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला शिकवत, आणि शिक्षण देशी भाषेतून व्हावं हा गज्जरांचा आग्रह होता, म्हणजे कारागिराच्या मुलाला इंग्रजीच्या उंबऱ्यावर अडखळायला लागू नये. दादासाहेब फाळके तिथंच शिकले. पण त्याच राजानं कलाभवन काढून तीन वर्षं होतात न होतात तोच, १८९३ मध्ये, अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात. त्याच राजानं १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं. त्यांना "तुम्ही कलाभवनात विणकाम शिका" असं सांगितलं नाही. शाळा, कलाभवन आणि कोलंबिया, तिन्ही एकाच खजिन्यातून चाललं होतं. आज आपण मंडळांच्या व्यासपीठावर सयाजीरावांच्या तसबिरीला हार घालतो आणि तिच्याखाली उभं राहून डिग्री की हुन्नर असा वाद घालतो.

१९१७ चंही सांगितलं पाहिजे. तेच आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यात परत आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं आणि कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला. जगातली उत्तम पदवीही इथं माणसाला छप्पर मिळवून देऊ शकली नाही. डिग्री घेतली की मान आपोआप मिळतो असं म्हणणाऱ्यांनी सयाजीबागेत फिरायला जाताना हे आठवावं. पण आंबेडकरांनी त्यातून पदवी व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढला नाही, हेही पाहुण्यांसारख्यांनी आठवावं. पदवीनं आपोआप मान मिळत नाही आणि कसबानंही मिळत नाही. समाजानं कुणाला कुठं बसवायचं हे ठरवण्याची जी सवय आहे, तिच्याशी दोघांनाही भांडावं लागतं, आणि एकमेकांशी भांडत बसलं तर त्या सवयीचंच फावतं.

पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची तंत्र-अभियांत्रिकी विद्याशाखा झालं. ती विद्याशाखा शहराचं भूषण आहे, माझे कितीतरी विद्यार्थी तिथं शिकले. पण रंगारी आणि इंजिनिअर एकाच छपराखाली शिकत होते तो काळ गेला. आज कसब शिकायचं तर गोरव्याच्या किंवा तरसालीच्या आयटीआयमध्ये, इंजिनिअरिंग शिकायचं तर कलाभवनात, आणि दोन्हीकडची मुलं पहिल्यांदा भेटतात ती कारखान्यात, एक साहेब आणि एक कामगार म्हणून. सावलीला मेट्रोचे डबे बनतात, बडोद्यात आता विमानांचीही जुळणी होते. सी-२९५ जातीच्या ५६ लष्करी वाहतूक विमानांपैकी ४० इथं तयार व्हायची आहेत. असे कारखाने सगळ्यांना पुरणार नाहीत हे उघड आहे. पण जे तिथं जातील त्यांच्यात रिव्हेट मारणाऱ्याला आराखडा वाचता आला पाहिजे आणि आराखडा काढणाऱ्यानं एकदा तरी रिव्हेट मारलेला असला पाहिजे, यात कुणाला शंका असेल असं वाटत नाही.

मग मधला पूल कुठं आहे? गुजरातेत त्याला मुलांनी सुटसुटीत नावं दिली आहेत, सी टू डी आणि डी टू डी. आयटीआयचं प्रमाणपत्र असलेला मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, डिप्लोमावाला डिग्रीच्या. कागदावर वाट आहे, आणि या वादात तिचं नाव कुणीच घेतलं नाही याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. त्या समारंभात बसलेल्या किती आईबापांना ती ठाऊक असेल? निवृत्तीनंतर माझ्याकडे अशी दोन मुलं गणितासाठी यायची. दोघंही फिटर, हात सोन्यासारखे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात गेल्या गेल्या समोर कलनाचं, म्हणजे कॅल्क्युलसचं, गणित आलं आणि पहिल्या वर्षाचं गणित त्यांचं झालेलंच नव्हतं. आयटीआयत वर्कशॉपची आकडेमोड हा विषय असतो, ड्रॉइंगही असतं, पण बऱ्याच ठिकाणी ते पास होण्यापुरते उरकले जातात, कारण "यांना गणित कशाला?" या एका वाक्यात शिकवणाऱ्याचंही मन आधीच ठरलेलं असतं. त्या दोघांतला एक टिकला. दुसऱ्यानं एका सत्रानंतर सोडलं. त्याला बुद्धी कमी नव्हती, सहा महिन्यांचा एखादा जोडवर्ग मिळाला असता तर तोही आज पुढे गेला असता असं मला ठामपणे वाटतं. हुन्नराच्या नावानं घसा कोरडा करणाऱ्यांनी आणि त्याला विरोध करणाऱ्यांनी मिळून अशा एका वर्गासाठी भांडावं. पाहुण्यांना हवा असलेला कुशल कामगार आणि आजोबांना हवा असलेला वर चढणारा मुलगा, दोघंही त्याच वर्गातून निघतील.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर तरीही द्यायचं राहतं. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना जवळच्या कारागिरांकडे शिकावं असं आहे. त्याच धोरणात असंही नोंदलं आहे, की १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांत रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहूनही कमी आहेत, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. जर्मनीचं उदाहरण मी जपून घेते, कारण तिथं दहाव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या केल्या जातात आणि त्यात घरची परिस्थिती डोकावते, अशी टीका तिथलेच लोक करतात. म्हणून मला ते दहा दिवस महत्त्वाचे वाटतात, आणि ते आधी महागड्या इंग्रजी शाळांत काटेकोर व्हावेत असं वाटतं. ज्या मुलानं बाराव्या वर्षी स्वतः कानस मारली आहे आणि आपला तुकडा उजेडाला धरून बघितला आहे, तो पुढे डॉक्टर झाला तरी फिटरशी बोलताना त्याचा आवाज वेगळा असेल. नाहीतर हे दहा दिवसही सरकारी शाळांपुरतेच उरतील आणि वर्ध्याची गोष्ट पुन्हा घडेल.

मंडळाला मी पत्र दिलं आहे. पुढच्या वर्षीपासून गुणगौरवाला आयटीआय पास झालेल्या आपल्या मुलामुलींनाही बोलवा, वेगळ्या रांगेत नको, नावाच्या आद्याक्षराप्रमाणे सगळ्यांत मिसळून बसवा. आणि पाहुण्यांच्या भाषणाआधी सी टू डीची माहिती पंधरा मिनिटं कुणीतरी नीट सांगा, ते काम मी करायला तयार आहे. समितीतल्या एकांनी विचारलं, अशी मुलं आपल्यात आहेत तरी किती? मी वारसिया, बाबाजीपुरा आणि रावपुऱ्यात ओळखीच्या घरी फोन करायला घेतले. चार दिवसांत अकरा नावं मिळाली, त्यांत तीन मुली, त्यांतली एक इलेक्ट्रिशियन. तिच्या आईनं फोनवर आधी विचारलं, "बाई, दहावीचे टक्के सांगायला लागतील का?" मी सांगितलं, नको, ट्रेड सांगा आणि वर्ष सांगा. यादी वाढते आहे.